गॅप सर्टिफिकेटवर माझ्या लेकीने खोटं का लिहायचं?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तशी पेपरला पत्रं लिहिणाऱ्यातली नाही, शब्दकोडं सोडवून पेपर बाजूला ठेवणारी आहे, पण मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही परदेशातल्या गॅप इयरवर पानभर छापलंत ना, बॅकपॅकवाली मुलगी, मागे डोंगर, कडेवर कुठल्यातरी गरीब देशातलं पोर, ते वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. लेख वाईट नव्हता. पण त्यात म्हटलंय की वर्षभर फिरून, सेवा करून आलं की मुलांना शिक्षण जिथे थांबवलं तिथून आरामात पुढे सुरू करता येतं. हे ज्यांनी लिहिलंय त्यांनी कॉलेजच्या ॲडमिशनची खिडकी अलीकडे पाहिलेली नाही एवढं मी पैजेवर सांगते. आमच्याकडे काय झालं ते लिहिते, लांबलं तर कापा, फक्त नोटरीचा भाग कापू नका.

माझी लेक २०२२ ला बी.एस्सी. झाली, मायक्रोबायोलॉजी घेऊन. त्यानंतर सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ ती जर्मनीत वुपर्टाल नावाच्या शहरात एका म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये व्हॉलंटियर होती. परत आली, एम.एस्सी.ला नंबर लागला, कागदपत्रं तपासायच्या दिवशी मी सुट्टी टाकून सोबत गेले. खिडकीतल्या मॅडमनी मार्कशीट पाहिली आणि म्हणाल्या, एक वर्षाचा गॅप दिसतोय, गॅप सर्टिफिकेट आणलंय का? आम्ही खुश, म्हटलं आणलंय की. लेकीने फाइलमधून होमने दिलेलं दोन पानी सर्टिफिकेट काढलं, लेटरहेडवर, खाली सही, त्याचं इंग्रजी भाषांतरही जोडलेलं. मॅडमनी ते पुढूनमागून बघितलं आणि परत सरकवलं. हे नाही हो, नोटरीचं लागतं, स्टॅम्प पेपरवर.

मग काय, रिक्षा करून कोर्टाजवळ गेलो. तिथे टपरीत कॉम्प्युटर घेऊन बसतात ना ते, त्यातल्या एकाने विचारलं, गॅपचं ना? नाव, वय, पत्ता, कुठलं वर्ष, बस एवढंच विचारलं आणि पाच मिनिटांत शंभरच्या स्टॅम्पवर प्रिंट काढून हातात दिली. त्यात लिहिलेलं होतं की सन २०२२-२३ मध्ये घरगुती अडचणीमुळे माझ्या शिक्षणात खंड पडला, सदर कालावधीत मी घरीच होते, कोठेही प्रवेश घेतला नाही, नोकरी केली नाही, तसेच कोणत्याही गैरकृत्यात सहभाग घेतला नाही, आणि वरील मजकूर खोटा निघाल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.

लेक म्हणाली, काका मी घरी नव्हते. घरगुती अडचणही नव्हती. तर ते म्हणाले, ताई, फॉरमॅट आहे, यातला शब्द बदलला की कॉलेज परत पाठवतं, मग तुम्हीच परत माझ्याकडे येता. साडेचार वाजून गेलेले, कॉलेजची खिडकी साडेपाचला बंद, तो शेवटचा दिवस. तिने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं कर सही. केली. नोटरींनी मान वर न करता शिक्का मारला. म्हणजे वर्षभर सकाळी सहाला ड्यूटीवर हजर राहणाऱ्या पोरीने सत्यप्रतिज्ञेवर लिहून दिलं की मी घरी बसून होते. आणि बॅगेत पासपोर्ट, त्यावर जर्मनीचा वर्षाचा व्हिसा.

आता मूळ गोष्ट सांगते, म्हणजे मला राग का येतो ते कळेल.

आम्ही चिंचवडला राहतो. पुण्यात जर्मन शिकणं काही नवीन नाही, मॅक्सम्युलर भवनच्या परीक्षा दिलेलं एकतरी पोरगं दर सोसायटीत सापडेल. (ज्याच्या नावाने ते भवन आहे तो मॅक्सम्युलर आयुष्यभर वेद करत बसला आणि भारतात एकदाही आला नाही म्हणे.) लेकीने कॉलेज करता करता बी वन लेव्हल पूर्ण केली. एका लेव्हलला वीस-तीस हजार जातात, तेव्हा आमच्या ह्यांचा हिशोब सरळ होता की उद्या चाकणच्या एखाद्या जर्मन कंपनीत लागेल. तिच्या मनात वेगळंच. शेवटच्या वर्षाला म्हणाली मला एक वर्ष थांबायचंय, बाहेर जायचंय, काम करायचंय, फिरायचंय.

पहिली जाहिरात तिला मोबाइलवर दिसली ती अगदी तुमच्या फोटोसारखी. कंबोडियात दोन आठवडे अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवा, मग एक आठवडा बीच, सगळं मिळून लाखाच्या वर फी. म्हणजे फी आपण द्यायची आणि सेवाही आपणच करायची! तिच्या जर्मनच्या मॅडमनी तिला थांबवलं, म्हणाल्या आधी थोडं वाच. मग तिने मला वाचून दाखवलं की युनिसेफने २०११ साली सांगितलंय की कंबोडियातल्या अनाथाश्रमांत राहणाऱ्या जवळजवळ चारपैकी तीन मुलांचे आईबाप किंवा दोघांपैकी एकतरी जिवंत आहेत. टुरिस्ट येतात, डोनेशन देतात, मग आश्रम वाढतात, आणि आश्रम भरायला खेड्यातून गरीबाघरची पोरं आणली जातात, शिकवतो म्हणून. नेपाळमध्ये पण तीच तऱ्हा, आश्रमांची गर्दी कुठे, तर काठमांडू खोरं, पोखरा, चितवन, जिथे टुरिस्ट जातात तिथेच. आणि पोरांच्या बाजूने बघा, दर पंधरा दिवसांनी नवीन ताई येणार, लळा लावणार, रडत फोटो काढणार आणि जाणार. आपल्या शाळेत कुणीही रस्त्यावरचा माणूस येऊन आजपासून मी शिकवतो म्हणाला तर आपण पोलिसांना बोलावू. तर संपादक साहेब, तो फोटो परत छापू नका एवढी एक विनंती आहे.

मग तिला कळलं की जर्मनीत तिथल्याच पोरांसाठी एक स्कीम आहे, फ्रायविलिगेस झोत्सियालेस यार, म्हणजे स्वेच्छेने सामाजिक कामाचं वर्ष, एफएसजे म्हणतात. १९६४ पासून त्याचा कायदा आहे. वयाची सत्तावीस वर्षं पूर्ण होईपर्यंत करता येतं, भाषा येत असेल तर बाहेरच्या देशातल्या मुलांनाही घेतात. दुसरी एक आहे ती २०११ ची. त्याआधी तिथे मुलग्यांना सक्तीची लष्करी नोकरी होती आणि ज्याला बंदूक धरायची नाही त्याने त्याऐवजी हॉस्पिटल, वृद्धाश्रम अशा ठिकाणी काम करायचं. जुलै २०११ ला सक्ती थांबवली, तेव्हा हजारो हात एकदम कमी होणार म्हणून ही दुसरी स्कीम काढली, तिच्यात काम करणाऱ्याला लाडाने बुफ्दी म्हणतात. हिला कायद्याने वयाची वरची अटच नाही, मी ह्यांना म्हटलं रिटायर झाल्यावर मीच जाते, तर म्हणाले आधी गुटेन मॉर्गनच्या पुढे जा.

आम्ही आधी एका एजंटकडे गेलो, नाव लिहीत नाही. त्याने पावणेतीन लाख सांगितले, प्लेसमेंट फी. कशाची प्लेसमेंट? तिथे ती फुकट मिळते! डियाकोनी, कारितास, रेडक्रॉस अशा संस्था जागा भरतात, अर्ज थेट त्यांच्याकडे करायचा. लेकीने घरी बसून तेवीस मेल पाठवले, चार उत्तरं आली, दोन व्हिडिओवर इंटरव्ह्यू झाले, एक जागा मिळाली. मग मुंबईला व्हिसा, त्याची फी पंच्याहत्तर युरो. तिकीट, थर्मल, बूट धरून सगळा खर्च सव्वालाखाच्या आत बसला. तिकडे राहायला खोली, इन्शुरन्स होमकडून आणि महिन्याला खर्चाला चारशेवीस युरो, त्यावर ह्यांनी लगेच चारसौबीसचा जोक मारून घेतला. तेव्हाच्या भावाने चौतीस-पस्तीस हजार होतात, पण तिथे खाऊनपिऊन महिनाअखेर हातात काही उरत नाही. सव्वालाख सगळ्यांकडे नसतात हे मला माहितीय, आमच्याकडेही एफडी मोडूनच आले, पण एजंटच्या तोंडात घालायचे पावणेतीन वाचले हे वाचकांना कळावं म्हणून आकडे दिले. (कामासकट फिरायचं असेल तर ऑस्ट्रेलियाचा एक वर्षाचा आणि ब्रिटनचा दोन वर्षांचा व्हिसा पण आहे, १८ ते ३० वयाच्या भारतीय मुलांसाठी, पण वर्षाला हजार आणि तीन हजार जागा, त्याही सोडत काढून. म्हाडाच्या लॉटरीसारखंच.)

घरात सगळ्यात जास्त विरोध सासूबाईंचा. त्या तेव्हा ऐंशीच्या. म्हणाल्या, इथं माझ्या पायाला तेल लाव म्हटलं तर हिचं मोबाइलमधून डोकं वर निघत नाही, आणि तिकडं गोऱ्या म्हाताऱ्यांचं करायला विमानाने चाललीय. मला त्यावर काही बोलता आलं नाही कारण खरंच होतं ते. माझ्याही मनात दुसरी शंका होती, ही सेवा का स्वस्तातली मोलकरीण? त्यांच्याकडे म्हाताऱ्यांना सांभाळायला माणसं मिळत नाहीत हे जगजाहीर आहे. नियम असा की व्हॉलंटियरने पगारी माणसाची जागा घ्यायची नाही, मदतनीस म्हणूनच राहायचं, औषधं द्यायची नाहीत, इंजेक्शन नाही. पण दोन जणी आजारी पडल्या की नियम कुठे जातो ते कुठल्याही देशात सारखंच. डिसेंबरात फ्लूची साथ होती तेव्हा लेकीने सलग आठ दिवस ड्यूटी केली, फोनवर आवाज रडवेला, मी म्हटलं ये निघून, खड्ड्यात गेलं. तिने फोन ठेवला. मग दोन दिवसांनी तिचा मेसेज, आज सुट्टी मिळाली, चौदा तास झोपले.

काम काय, तर सकाळी सहाला पहिली पाळी. प्रत्येकाला उठवायचं, तोंड धुवायला मदत, कपडे, मोजे, केस विंचरणं, नाश्त्याला ब्रेडला लोणी लावून छोटे तुकडे करून देणं. कुणी किती पाणी प्यायलं ते कागदावर लिहायचं, कारण म्हातारी माणसं पाणी पीतच नाहीत. ज्याला गिळता येत नाही त्याच्या पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायचं, नाहीतर ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं. दुपारी तीनला कॉफी आणि केक, ते चुकलं तर दंगल होईल. संध्याकाळी थंड जेवण, ब्रेड, चीज, काकडी, संपलं. आमची पोरगी रोज गरम पोळी खाणारी, पहिले दोन महिने खोलीत कुकर लावून रात्री खिचडी. आणि अंधार. डिसेंबरात चार-साडेचारला दिवस बुडतो, वुपर्टालला पाऊस कायम आणि सगळं शहर डोंगरउतारावर, जिन्यांनीच चढायचं उतरायचं. एका आजोबांनी पहिले तीन आठवडे तिला हात लावू दिला नाही, का ते सगळ्यांना कळत होतं, कुणी बोललं नाही. नंतर लावू दिला. नंतरही त्यांनी तिला कधी थँक्यू म्हटलं नाही, ती म्हणते मला नको होतं, फक्त मोजे नीट घालून घ्यायला हवे होते.

दोन गोष्टी मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. वुपर्टालला एक उलटी ट्रेन आहे, म्हणजे वर रूळ आणि खाली डबा लटकलेला, नदीच्या वरून जाते, १९०१ पासून चालू. तर १९५० च्या जुलैमध्ये एका सर्कसवाल्याने जाहिरातीसाठी हत्तीचं पिल्लू त्या ट्रेनमध्ये चढवलं, टुफी नाव तिचं. ती बिथरली आणि डब्याची भिंत फोडून खाली वुपर नदीत पडली. थोडं खरचटण्यापलीकडे काही झालं नाही तिला, नंतर कितीतरी वर्षं जगली, तिच्या नावाचं दूधसुद्धा मिळतं. होममधल्या एक आजी रोज सांगायच्या की मी तेव्हा पुलावर होते, मी पाहिलं. लेकीने नर्सला विचारलं खरंच का, नर्स म्हणाली इथला प्रत्येक म्हातारा त्या दिवशी पुलावर होता. तरी लेक रोज नव्याने ऐकायची, आणि रोज विचारायची, मग हत्तीण ओरडली का हो? दर वेळी उत्तर वेगळं. जर्मन तिचं तिथे सुधारलं, क्लासमध्ये नाही.

दुसरी गोष्ट ८ डिसेंबर २०२२ ची. त्या दिवशी सकाळी अकराला सगळ्या जर्मनीत धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी होती, पहिल्यांदाच देशभर मोबाइलवर एकदम अलार्म वाजला. हॉलमध्ये बसलेले सगळे दचकले. एक आजी, स्मृतिभ्रंश झालेल्या, सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही, त्या उठून उभ्या राहिल्या आणि केलर केलर म्हणायला लागल्या. केलर म्हणजे तळघर. १९४३ च्या मे-जूनमध्ये या शहरावर मोठे बाँबहल्ले झाले तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. कितीही सांगितलं, चाचणी आहे, फोन आहे, पटेना. शेवटी लेकीने त्यांना लिफ्टने खाली नेलं, जिथे कपडे धुवायची मशिन्स आहेत, तिथे दोघी बाकावर बसल्या, मशिनचा आवाज, चाळीस मिनिटं हात धरून. मग आजी म्हणाल्या, आता गेले वाटतं, चल वर, कॉफीची वेळ झाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. हे सांगताना ती रडली नाही, मी रडले.

फिरणं म्हणाल तर तेही झालं, रजा असते वर्षाला बऱ्यापैकी. कलोनचं चर्च अर्ध्या तासावर, १२४८ ला बांधायला घेतलं आणि १८८० ला पूर्ण झालं, आपले उड्डाणपूल उगाच बदनाम आहेत. मे २०२३ पासून त्यांच्याकडे महिन्याचं एक तिकीट सुरू झालं, तेव्हा एकोणपन्नास युरोचं, देशभर कुठल्याही लोकल, पॅसेंजर, बस, ट्रामला चालतं, फास्ट गाड्यांना नाही. मग काय, शेवटचे तीन महिने पॅसेंजर बदलत बदलत हॅम्बुर्ग, ट्रीअर, बर्लिन. वर्षातून पंचवीस दिवस शिबिरं असतात सगळ्या व्हॉलंटियरची, तिथे केनियाची, कोलंबियाची पोरं भेटली, एकत्र कांदे चिरले, भांडलीसुद्धा. मला हा भाग फारसा माहीत नाही, तिने मला सगळं सांगितलेलं नाही आणि मीही विचारलं नाही.

परत आली तेव्हा बारीक झालेली, बोलणं कमी. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंना उठवायला गेली. आम्ही इतकी वर्षं काखेत हात घालून ओढून उठवत होतो. हिने दार वाजवलं, आजी आत येऊ का विचारलं, मग सांगितलं आता मी तुम्हाला कुशीवर वळवते, गुडघे वाकवा, पाय खाली सोडा, आता हात माझ्या खांद्यावर. एका झटक्यात बसवलं, ना त्यांचा खांदा दुखला ना हिची कंबर. सासूबाई म्हणाल्या, बया, आता हात लावायच्या आधी परवानगी मागते. नंतर मला म्हणाल्या तूही असंच करत जा. आता आम्ही सगळे तसंच करतो.

म्हणून त्या कागदाचा राग येतो. हिशोब करून बघितला, रजा आणि शिबिरं वजा करून तिने तिथे दीड हजार तास तरी काम केलंय. मी स्वतः १९९३ ला एनएसएसच्या कॅम्पला गेले होते, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला, रात्री शेकोटी, अंताक्षरी. दोन वर्षांचे मिळून २४० तास भरले की एनएसएसचं सर्टिफिकेट. त्या २४० तासांना फॉर्ममध्ये कॉलम आहे, आणि असायलाच हवा, माझा त्याला विरोध नाही. दीड हजार तासांना मात्र कॉलम नाही, वर ते तास झालेच नाहीत असं शपथेवर लिहून द्यायचं.

कुणी म्हणेल, अहो फॉरमॅलिटी आहे, कोण वाचतं. मान्य, कुणीच वाचत नाही. पण मग मागता कशाला? गॅप घेणाऱ्यात सगळेच जर्मनीला जात नाहीत. कुणाचा बाप वारलेला असतो, कुणी आईच्या केमोला वर्षभर सोबत केलेली असते, कुणी ऊसतोडीला गेलेलं असतं, कुणी एमपीएससीचे दोन अटेम्प्ट देऊन दमलेलं असतं. सगळ्यांनी एकाच छापील वाक्यावर सही करायची, आणि वर गैरकृत्य केलं नाही म्हणून ग्वाही द्यायची, जसं काही वर्षभर कॉलेजात नाव नसलं म्हणजे पोरगं चोऱ्याच करत असणार. नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं, त्यात मधेच शिक्षण सोडा, परत या, क्रेडिट बँकेत जमा राहतील वगैरे लिहिलंय, तुमच्याच पेपरात वाचलंय मी. ते धोरण दिल्लीहून निघालंय, खिडकीपर्यंत पोचायला अजून टाइम दिसतोय.

आणि गंमत बघा, २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं तिकडे पाठवायची म्हणून, नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, बरेच ट्रेड आहेत, त्यासाठी जर्मनचे क्लास पण सरकारी खर्चाने. म्हणजे तिकडे जाऊन म्हाताऱ्यांचं करायला माणसं हवीत हे सरकारला कळतंय. पण जी पोरगी ते वर्षभर करून आली तिने स्टॅम्पवर काय लिहून द्यायचं, तर मी घरीच होते.

माझं मागणं फार मोठं नाही. त्या प्रतिज्ञापत्राच्या जागी साधा एक कागद घ्या, गॅपमध्ये काय केलं, स्वतःच्या अक्षरात चार ओळी, पुरावा असेल तर जोडा, नसेल तर नका जोडू. 'घरी होते' हे ज्याचं खरं आहे त्याने ते लिहावं, त्यातही लाज वाटण्यासारखं काही नाही. विद्यापीठाच्या एका परिपत्रकाचं काम आहे, त्याला समिती लागू नये. वाचकांत कुणी विद्यापीठात किंवा उच्च शिक्षण खात्यात असेल तर मनावर घ्या.

आमच्या मजल्यावरची एक मुलगी या सप्टेंबरला निघालीय, तीच स्कीम, दुसरं शहर. तिची आई परवा विचारायला आली, काय काय बरोबर देऊ? मी सांगितलं थर्मल इकडून घे, छोटा कुकर, गोडा मसाला दोन पाकिटं, एजंटला एक रुपया देऊ नको. आणि तिकडच्या सर्टिफिकेटचं भाषांतर करून आण म्हणावं, तरी नोटरीला यावंच लागेल. ते टपरीवाले काका अजून तिथेच बसतात, मी पाहिलंय.

आपली,
एक वाचक, चिंचवड

ता. क. नाव छापू नका, कारण वर लिहिलंच आहे, खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे गुन्हा. त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडे आहे, छापायची असेल तर नाव-पत्ता खोडून पाठवते.